काट्यापाशी थांब

श्वास रोखून धरलात तरी वजन कमी भरत नाही, हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. मी एक जुना वजनकाटा आहे. एका मोठ्या शहराच्या स्टेशनात, मुख्य दारातून आत आलं की अगदी समोर माझी जागा. अंगाने धिप्पाड, रंगाने लालभडक आणि पोटात काचेमागे रंगीत दिव्यांचं चाक. माझ्या पायरीवर उभं राहून नाणं टाकलं की चाक गरगर फिरायचं आणि खट्कन वजनाचं तिकीट बाहेर पडायचं. आकडा पाहून लोक मलाच नावं ठेवायचे. "बिघडलाय मेला!" म्हणत तरातरा निघून जायचे. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बरं, घेतलं थोडंसं.

ज्या कारागिराने माझी स्प्रिंग बसवली, तो मला रंगवून झाल्यावर स्वतः पायरीवर चढला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "शाबास! घरच्या काट्यापेक्षा तू खरा." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

पण खरं सांगू का? माझं मोठं काम वजन करण्याचं नव्हतंच. गाडीतून उतरलेली माणसं शहर पाहून भांबावायची. मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस सगळ्यांना माझ्यासमोर उभं करायचं आणि बजावायचं, "चुकामूक झाली, तर या लाल काट्यापाशी यायचं. कळलं?" माझ्या डाव्या हाताला पोलीस चौकी, उजव्या हाताला प्रथमोपचाराची खोली, मागे चौकशीची खिडकी आणि पाण्याचे नळ. इतकी चांगली जागा शहरात दुसरी नव्हती. हरवलेली माणसं माझ्यापाशी येऊन थांबायची आणि सापडायची. ती एकमेकांना भेटली की आधी भांडायची आणि मग हसायची. मला ते फार आवडायचं.

एका दुपारी एक आजी-आजोबा आले. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर जाडजूड पट्टी होती. त्यांना साखरेचा त्रास होता, वेळेवर गोळी आणि पोटात काहीतरी लागायचं. ती गोळी, बिस्किटं, पैसे, फोन, लॉजचा पत्ता, सगळं आजींच्या पिशवीत. आजींना समोरच्या दुकानातून डोळ्यात घालायचं औषध आणायचं होतं.

"अहो, इथून हलायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आजोबा म्हणाले.

आजी गेल्या. औषधाच्या दुकानात गर्दी असावी, त्यांना उशीर झाला. आजोबा माझ्या पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी "हिला रस्ता सापडत नसेल" असं पुटपुटत ते आजींना शोधायला निघाले. आणि मित्रांनो, ते एका दाराने बाहेर पडले नि आजी दुसऱ्या दाराने आत आल्या!

मग जे सुरू झालं, ते आठवलं की अजून माझी स्प्रिंग आवळते. आजी माझ्या पायरीवर चढून टाचा उंचावून गर्दीत बघत राहिल्या आणि मग नळांकडे धावल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच आजोबा परत आले, धापा टाकत पायरीवर टेकले. "अजून आली नाही," असं मलाच म्हणाले आणि पुन्हा निघाले. पुन्हा आजी आल्या. दोघंही मला धरून उभी राहत होती, दोघंही एकमेकांची काळजी करत होती आणि दोघांनाही थांबवत नव्हतं. मला दोघं दिसत होती. ओरडावंसं वाटत होतं, 'अहो आजी, आत्ता इथेच होते हो ते!' पण माझ्या तोंडून तिकिटाशिवाय काही निघत नाही आणि तेही कोणी नाणं टाकलं तरच. दर खेपेला आजोबा जास्त घामाघूम दिसत होते. शेवटच्या वेळी उठताना त्यांचे पाय लटपटत होते. त्यांची खाण्याची नि गोळीची वेळ टळून गेली असणार.

आजी पुन्हा निघणार, एवढ्यात चौकीतल्या पोलीसताईंनी त्यांना हटकलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आजी, आता तुम्ही हलायचं नाही. फिरायचं काम आमचं, थांबायचं काम तुमचं."

"अहो, पण ते एकटे..."

"म्हणूनच सांगतेय. दोघंही शोधत बसलात, तर सापडायचं कोणी?"

भोंग्यावरून आवाज झाला, "डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा, वजनकाट्यापाशी या." लगेच एक आजोबा आले! पण ते भलतेच. "मला कशाला बोलावलंत? माझी गाडी सुटेल ना!" असं चिडून ते गेले. आजींना हसूही येईना आणि रडूही आवरेना. त्या माझ्या पायरीवर उभ्या होत्या, तेव्हा त्यांची थरथर मला आतपर्यंत जाणवत होती.

आणि मग प्रथमोपचाराच्या खोलीतली नर्स आमच्या आजोबांना धरून घेऊन आली. ते बाहेरच्या जिन्यावर बसून राहिले होते, उठायची ताकद नव्हती. आजींनी आधी बिस्किटं भरवली, मग गोळी दिली आणि मग असं झाडलं त्यांना की विचारू नका.

आजोबा जरा सावरल्यावर म्हणाले, "अगं, एक माणूस म्हणत होता, 'चला, तुमचं लॉज मला माहीत आहे, गाडीने सोडतो.' म्हटलं, लॉजचं नाव मलाच माहीत नाही, तर तुला रे कसं माहीत? आणि तिथून सटकलो!"

"एवढी तरी अक्कल चालवलीत," आजी म्हणाल्या आणि त्यांना बिलगून रडल्या. माझ्या पायरीवरच. माझ्या कपाळावर लिहिलंय, 'एका वेळी एकानेच उभे राहावे.' पोलीसताईंनी ते पाहिलं न पाहिलंसं केलं आणि स्वतःचं नाणं टाकलं. दिवे फिरले, तिकीट पडलं. दोघांचं मिळून वजन.

"हे तुझ्या एकटीचं म्हणून सांगतो घरी," आजोबा म्हणाले. आजींनी तिकीट ओढून घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर लॉजचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला आणि ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं.

आयुष्यात मी असंख्य वजनं केली. त्यातलं ते माझं सर्वांत लाडकं.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला. माझ्यापाशी थांबायची गरजच उरली नाही. माझी वीज तोडली, समोर हातगाड्या रचल्या, दिव्यांच्या काचेवर धूळ बसली. मला काही दुखत नाही, पण पायरीवर कोणाचाच भार नाही, हे सोसत नाही.

परवा एक म्हातारी हातगाड्यांमधून वाट काढत आली. सावकाश पायरीवर चढली. वीज नसली तरी स्प्रिंग आहे माझी, मी ओळखलं. आजी! किती हलक्या झाल्या होत्या. दुसरा भार येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही.

आजींनी पर्समधून एक मळकं तिकीट काढलं. "यांना जाऊन वर्ष झालं," त्या मला म्हणाल्या. "शेवटपर्यंत खिशात होतं." मग माझ्या गार लोखंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, "अहो, मी आता हलत नाही हं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नात औषधं आणायला गेली होती. "कुठे गेलीस आजी?" तिचा घाबरा आवाज मलाही ऐकू आला.

"काट्यापाशी आहे गं. थांबलेय."

मित्रांनो, मोठ्या शहरात जाल तेव्हा राहण्याचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात असू द्या, एकाच पिशवीत नको. फोन बंद पडतात, म्हणून भेटण्याची एक जागा आधीच ठरवा. कोणी अनोळखी माणूस सोबत न्यायला आला तर जाऊ नका, चौकी गाठा. आणि चुकामूक झालीच, तर एकाने तरी थांबा.

पुढच्या आठवड्यात मला भंगारात न्यायचं चाललंय म्हणे. हातगाडीवाले बोलत होते. तुमच्या ओळखीचं कोणी स्टेशनच्या कचेरीत असेल, तर माझा एवढा निरोप द्या. दिवे लावू नका, रंगही देऊ नका, फक्त मला इथून हलवू नका. आजी आजोबांना सांगून गेल्यात, की मी इथेच थांबेन.