नव्या पात्याची धार

माझ्या नवऱ्याच्या टाळूवर बशीएवढं टक्कल आहे, हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. एका ह्यांनाच नव्हतं, आणि ते पाप माझं. नऊ वर्षं ह्यांचे केस मीच कापतेय. कडेची एक बट लांब ठेवून टाळूवर आडवी घालायची, तिथे मशीन नुसतं हवेत गुरगुरवायचं आणि शेवटी आरसा असा धरायचा की मानेच्या वर काही दिसू नये. डोक्याला तेलसुद्धा मीच लावते.

एवढा खटाटोप कशाला? तर ह्यांचे थोरले भाऊ चाळिशीतच टकले झाले, आणि हे त्यांना फोनवर "काय रे बल्ब!" म्हणूनच हाक मारतात. स्वतःचं कळलं असतं तर माझ्यावरच खापर फोडून हे सलूनमध्ये जायला लागले असते. ते मला नको होतं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, आठवडाभर दातांत स्क्रू धरून बसतो, बोलणार कुठून? रविवारी सकाळी स्टुलावर बसून गळ्याशी चादर आवळली, की हलता येत नाही म्हणून बोलतात. तो अर्धा तास माझा जीव की प्राण आहे.

त्या रविवारी पहिल्याच फटक्याला हे "आई गं!" करून उठले.

"केस कापतेस की उपटतेस? पातं पार गेलंय."

"चांगलं आहे की!"

मला ते बोथट पातंच बरं होतं. जोर लावून तीन वेळा फिरवावं तेव्हा कुठे एकदा कापायचं. पण ह्यांनी नवी जोडी आणून ठेवली होती. लगेच टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन स्क्रू सोडले, ब्रशनं आतले केस झाडले.

"नीट बघ. वरच्या पात्याचे दात खालच्यापेक्षा जरासे मागे हवेत. पुढे आले तर कातडीच धरेल."

स्क्रू आवळले, दोन थेंब तेल सोडलं, मशीन कानाशी धरून आवाज ऐकला. मग स्वतःच्या हातावर फिरवलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात गुळगुळीत झाला. आमचं पहिलं बाळ झालं तेव्हाही हे इतके खूश नव्हते.

पुन्हा स्टुलावर बसले. मी सवयीप्रमाणे जोर लावला आणि तिथेच घात झाला. कडेवरून निघालेलं मशीन थेट टाळूपर्यंत गेलं आणि नऊ वर्षं जपलेली बट माझ्या पायाशी पडली. मी तिच्यावर पाय ठेवला.

"कसं चालतंय?"

"झकास," मी म्हटलं.

एरवी मागचं बघायची ह्यांना कधी हौस नसते. पण आज काम स्वतःच्या हातचं ना! दोन आरसे घेऊन उभे राहिले. "पाणी गार होतंय, आंघोळीला जा," म्हणत मी मध्ये मध्ये केलं, पण व्यर्थ.

"हे... नव्या पात्यानं केलं?"

सुटायची वाट आयती समोर होती. हो म्हटलं की झालं! पण ह्यांचा चेहरा बघवेना. जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत बसले असते.

"पातं तुम्ही अगदी बरोबर बसवलंय. टक्कल नऊ वर्षांचं आहे."

हे स्टुलावर बसले.

"म्हणजे मीपण बल्बच?"

"हो."

"कुणाकुणाला माहिती आहे?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना."

ह्यांनी आरसे बाजूला ठेवले. मग चादर स्वतःच गळ्याशी ओढली. "आता ठिगळं नकोत. सगळं काढ."

मी काढलं. काढता काढता डोळ्यांना धार लागली.

"तू का रडतेस? टक्कल माझं आहे."

"पुढच्या रविवारी कापायला उरलं काय?"

ह्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं. ब्रशनं झाडलं, पात्यांवर तेल सोडलं, मिनिटभर नुसतंच चालवलं.

"मशीन आठवड्यातून एकदा चालवावंच लागतं, नाहीतर जाम होतं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "रविवारी नऊला बसतो."