नख रुतणारा सरस

या, असे जवळ सरकून बसा. तिकडे मागे टेकून बसलात तर निम्मी गोष्ट भिंतच ऐकेल. आज सरसाची गोष्ट सांगतो. फळ्या चिकटवायचा सरस हो, तोच. आपल्या भाषेची गंमत बघा, चिकटवतो तोही सरस आणि वरचढ ठरतो तोही सरस. या दोन सरसांच्या मध्ये एक भला सुतार कसा अडकला, ते ऐका.

त्याला सगळे नखमिस्त्री म्हणत. तीस वर्षं त्यानं खुर्च्या, कपाटं, पाळणे केले, आणि सरस निवडायची त्याची परीक्षा एकच. लाकडाच्या तुकड्यावर सरसाचा ठिपका ठेवायचा, वाळू द्यायचा, मग अंगठ्याचं नख दाबायचं. नख रुतलं की सरस कच्चा. नख घसरलं की पक्का. त्याची एकही खुर्ची कधी डुगडुगली नाही, त्यामुळे त्या नखाला भारी मान होता.

प्रार्थनाघराच्या दालनात लाकडी जमीन करायचं ठरलं. तिथे प्रवचन गाऊन होतं, माणसं दोन-दोन तास हलत नाहीत, आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना सिमेंटचा गारठा सोसेना. खालचा सिमेंटचा कोबा गवंड्यानं केला. हा गवंडी म्हणजे मिस्त्रीचा शाळेपासूनचा सोबती. बोलायला असा कंजूष, की नमस्कारही मानेनंच उरकायचा. कोबा वाळल्यावर त्यानं त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला, मग मिस्त्रीला बोलावून उचलून दाखवला. आतून थेंबभर घाम नव्हता.

"कोरडा," गवंडी म्हणाला.

"ठणठणीत," मिस्त्री म्हणाला. हा शब्द लक्षात ठेवा.

सरस घ्यायला मिस्त्री वहिनीच्या दुकानात गेला. थोरला भाऊ गेल्यापासून रंग, खिळे, सरस असं सगळं वहिनीच सांभाळायची. तिनं एक तपकिरी, दाट सरस काढला आणि तो लावून वाळवलेला फळीचा तुकडा पुढे ठेवला. मिस्त्रीनं नख दाबलं. नख रुतलं, उचललं तसा खड्डा हळूहळू भरून आला.

"वहिनी, हा सरस म्हणायचा की उशी?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली.

"भावोजी, खुर्ची वेगळी, जमीन वेगळी," वहिनी म्हणाली. "जमिनीची फळी खालून कोब्याला जखडलेली, वरून हवेला उघडी. हवा बदलली की ती फुगणार, आखडणार. तिच्याबरोबर ताणला जाईल असाच सरस हवा. तुमच्या त्या नेहमीच्या पांढऱ्या सरसात पाणी असतं. एवढ्या मोठ्या जमिनीखाली ते जाणार कुठे? फळ्याच पिणार."

"फळ्यांना काय प्यायचं ते मी तीस वर्षं बघतोय. तुम्ही आपलं दुकान बघा."

पुन्हा हशा झाला. वहिनीनं पांढऱ्या सरसाचे डबे काढून दिले.

जमीन झाली तेव्हा आरशासारखी दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मध्ये पन्हळ पडली. दाराजवळच्या फळीवर पाय पडला की 'कट्' असा आवाज यायचा, तोही नेमका प्रवचन रंगात आल्यावर. प्रार्थनाघराचे कारभारी बघायला आले. त्यांनी मिस्त्रीला नुसतं "काय झालं हो?" एवढंच विचारलं. आणि मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "खाली ओल राहिली असणार."

झालं. सगळ्यांच्या माना तिथेच उभ्या असलेल्या गवंड्याकडे वळल्या. गवंडी खाली वाकला, उचललेल्या फळीखालच्या कोब्यावर त्यानं तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर असेल." आणि थापी उचलून निघून गेला. प्रार्थनाघराच्या नव्या स्वयंपाकघराचं काम त्याला मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. त्या दिवसापासून तो प्रवचनालाही यायचा बंद झाला.

मिस्त्रीला घास गोड लागेना. ठणठणीत हा स्वतःचाच शब्द त्याच्या कानात वाजायचा. रस्त्यात गवंडी दिसला की हा चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचा, आणि पट्ट्याला काही झालेलं नसायचं. शेवटी त्यानं ठरवलं, गुपचूप योग्य तो सरस आणून जमीन पुन्हा करू, बोलायचं कशाला?

तो दुकानात गेला तशी वहिनीनं काही न विचारता तोच तुकडा पुढे ठेवला. त्यावर नखाचा मागमूस नव्हता.

"काल गवंडीभाऊ आले होते," ती म्हणाली. "सिमेंटची पोती परत करायला. काम नाही म्हणाले."

"आणखी काय म्हणाला?"

"ते कधी आणखी काही म्हणतात का?" तिनं तपकिरी सरसाची बादली फळकुटावर ठेवली. "न्या. पण भावोजी, हा फळ्यांना लावायचाय, तोंडाला नव्हे."

मिस्त्रीचे कान तापले. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं, पण त्याला वाटलं, गाव हसतंय.

पुढच्या प्रवचनाला दालन भरलं होतं. गाणं सुरू व्हायच्या आत मिस्त्री उठला. पायाखालची फळी 'कट्' वाजली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, म्हणजे आता खाली बसायची सोय राहिली नाही.

"कोबा कोरडा होता," तो म्हणाला. "गवंड्यानं मला दाखवला होता, मी ठणठणीत म्हटलं होतं. ओल माझ्या सरसात होती. वहिनीनं सांगितलं होतं, मी तिला हसलो. खोटं बोललो मी, देवाच्या घरात उभं राहून."

मग कारभारी म्हणाले, "हे आम्हाला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं, तो इथे कुठेय?"

मिस्त्री तसाच तडक गवंड्याच्या घरी गेला. गवंडी स्वतःच्या दाराची पायरी सांधत होता. मिस्त्रीनं सगळं सांगितलं. गवंड्याची थापी चालूच होती.

"ठाऊक होतं मला. पांढरा सरस हाताला लागला होता, चिकट."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू माझ्याकडे बघतच नव्हतास."

मिस्त्री पायरीखाली घमेल्याजवळ बसला. गवंड्यानं घमेलं त्याच्याकडे सरकवलं. "बसलायस तर माल कालव."

दोघांनी मिळून जमीन उखडली. गवंड्यानं कोब्यावरचा पांढरा सरस इंच इंच खरवडला. मिस्त्रीनं स्वतःच्या घरासाठी राखलेल्या फळ्या आणल्या आणि दातेरी थापीनं तपकिरी सरस पसरला. स्वयंपाकघराचं काम मात्र गेलं ते गेलंच, ते परत मिळालं नाही. मिस्त्री अजूनही त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात नाही, तहान लागली तरी.

आज तुम्ही बसलाय ना, ती हीच जमीन. आवाज येतोय का कुठे? तळहात टेकवून बघा. लाकूड लागेल, मिस्त्रीचं काम लागेल. पण त्याच्याखाली एकानं कोरडा, सपाट कोबा घालून ठेवलाय, तो काही हाताला लागत नाही. उठताना त्या गवंड्याची आठवण काढा. तो तिकडे दाराशी बसतो. बोलणार नाही, मान हलवेल, पण त्याच्याकडे बघा.