पातेल्याचा तळ

आभाने जीवरसायनात एम.एस्सी. केली होती आणि सातपूरला नाथामामांच्या तालमीत ती रोज सकाळी वजनं कमी, वाद जास्त उचलायची. वादाचा विषय एकच, क्रिएटीन. त्याने व्यायामात थोडी जास्त ताकद येते, हे तिचं म्हणणं. मामांचा भरवसा भिजवलेल्या हरभऱ्यांवर.

शेवटी पैज लागली. क्रिएटीनची पावडर हरली तर आभाने तालमीत विज्ञानाचं अवाक्षर काढायचं नाही. तिच्यासाठी हे उपाशी राहण्यापेक्षा अवघड, म्हणून तिने प्रयोग चोख आखला. संध्याकाळच्या सहा मुलांना लाल डबा, सहांना हिरवा. एकात क्रिएटीन, दुसऱ्यात घोटीच्या तांदळाची भाजलेली पिठी. रोज चमचाभर, लिंबाच्या सरबतातून. कशात काय, हे मामांनाही ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने सगळ्यांनी बेंच प्रेस मारला. दोन्ही गटांची वाढ अगदी सारखी.

"झालं?" मामा मिशीतल्या मिशीत हसले. "आता तोंडाला कुलूप, ताई."

आभाचा चेहरा पडला. तिने लाल गटातल्या एका मुलाला गाठलं. "रोहित, खरं सांग, रोज घेत होतास ना?"

"म्हणजे काय! प्रसाद कोण चुकवतं?"

"प्रसाद?"

रोहितने कोपऱ्यातल्या मारुतीकडे बोट केलं. "दोन्ही डब्यांतलं एका पातेल्यात कालवायचं, देवाला दाखवायचं, मग सगळ्यांनी प्यायचं. तालमीत कुणी वेगळं खायचं नाय, मामांचा नियमच हाय."

"अरे, पण लाल गट, हिरवा गट..."

"प्रसादात कसला गट?" मामा कडाडले.

आभा डोकं धरून बाकावर बसली. मग एकदम तिने मान वर केली. क्रिएटीन थंड सरबतात नीट विरघळत नाही, खाली बसतं.

"पातेल्याचा तळ कोण पितं?"

सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या.

"टाकायचा नसतो प्रसाद," मामा पुटपुटले.

"मामा, बेंचवर आडवे व्हा."

कित्येक वर्षं सत्तर किलोवर अडलेल्या मामांनी ऐंशी किलो उचलले.

"हरभरे," मामा धापा टाकत म्हणाले.

"दिवाळीपासून कुठं खाताय?" रोहित म्हणाला. "गॅस होतो म्हणून डॉक्टरनी बंद केलेत ना?"

जिंकल्याचं सांगायला आभाने तोंड उघडलं, पण खोटं तिला जमेना. "एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, मामा."

मामांनी दंड चाचपून पाहिला. "मग पुन्हा कर की प्रयोग. या खेपेला पातेली दोन."

"आणि तळ?"

"दोन्ही माझे."