डगडगती फरशी

"आण्णा, मागं सरा, मशीन लावायलोय!" संगमेश ओरडला आणि अंगणातली पहिली शहाबादी फरशी फुटली.

शंकरप्पा उंबऱ्यातच थांबले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्याला तीन वर्षं झाली होती. पण दारापासून गेटपर्यंतची वाट तळपायांना तोंडपाठ होती. पाचवी फरशी डगडगायची, तिथं उजवीकडं वळायचं. नववीचा कोपरा उडालेला. बारावीवर हात पुढं केला की गेटची कडी. रोज सकाळी अनवाणी जाऊन दुधाची किटली भरून आणायची, एवढं एकच काम त्यांच्याकडं उरलं होतं आणि त्याच्या जोरावर म्हातारा दिवसभर ताठ बसायचा. पायांचं हे गुपित मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सवयीनं जातात, असं घरच्यांना वाटायचं.

पोराचा, संगमेशचा, तरी काय दोष? त्या डगडगत्या फरशीला अडखळून आण्णा पडतील, याचीच त्याला धास्ती. कागलच्या कारखान्यातून रजा काढून तो हे नक्षीचं काँक्रीट करून घेत होता. एवढ्या मायेनं केलेल्या कामाला नको कसं म्हणायचं?

तरी त्यांनी मिस्त्रीला गाठलंच. "पाचवी फरशी तेवढी ऱ्हाऊ दे की वो."

"कशाला, आण्णा? वल्या काँक्रीटवर दगडाचा साचा दाबतोय न्हवं! खरा दगड झक मारंल."

"खरा दगुडच काढलासा की."

मिस्त्री हसला. त्याला ती गंमत वाटली.

आठ दिवस पाणी मारणं चाललं. नवव्या सकाळी दूधवाल्याचा हॉर्न वाजला आणि शंकरप्पा किटली घेऊन उतरले. पायाखाली काहीच डगडगेना. खाचा होत्या, पण साच्यातल्या, इथून तिथून सारख्या. अंदाजानं वळले, हात पुढं केला, तर अंगणात लावलेल्या संगमेशच्या गाडीचा गार पत्रा लागला. दुसरीकडं वळले, तर भिंत. हॉर्न पुन्हा वाजला.

"कसं वाटतंय, आण्णा? आता बिनघोर चाला!" गच्चीवरून संगमेशनं विचारलं.

"झ्याक हाय, लेका," ते म्हणाले.

सून बाहेर आली. "द्या मामा, मी आणते," म्हणत सौंदर्यानं किटली अलगद काढून घेतली आणि गेटकडं गेली.

दूध घेऊन ती परतली, तेव्हा ते तिथंच उभे होते. स्वतःच्याच घराचं दार कुठल्या अंगाला आहे, हे सुनेला कसं विचारायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.