प्रकाशातली लंगडी चाल

कार्तिकातली टळटळीत दुपार. सुवर्णतृणांनी झाकलेला डोंगरमाथ्यावरचा निर्जन सडा, तांबडा, तप्त, निःशब्द. वर निरभ्र नीलिमा, खाली जांभा दगड, आणि त्या जांभ्याच्या पोटात केसाएवढी काचेची तार. तारेतून अदृश्य, अखंड प्रकाश धावत होता.

तारेच्या टोकावरच्या केंद्रात हेमांगी मयेकर पडद्यासमोर बसली होती. एकाच किरणावर दुप्पट माहिती चढवायची, त्यासाठी प्रकाशाची लय अधिक सूक्ष्म वळवायची, हे तिचं कित्येक वर्षांचं तप. पडद्यावर त्या लयीचे ठिपके उमटत, एखाद्या नक्षत्रासारखे. ठिपके स्थिर राहिले, तरच माहिती शुद्ध पोचे.

पण ठिपके थरथरत होते. एक लांब थरथर, एक आखूड. एक लांब, एक आखूड. मग तारेच्या वाटेवर जिथे जिथे खुणेचा दगड, तिथे थबकून, टक्.

"मॅडम, तारेवरून कुणी चालतंय वाटतं," सहकारी परुळेकर म्हणाला. खिडकीतून त्याने डोकावून पाहिलं. "अहो, सड्यावर चिटपाखरू नाही!"

हेमांगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती लंगडी चाल तिच्या ओळखीची होती. बाबा! याच तारेची राखण करणारे, दगडादगडावर काठी आपटत जाणारे, लाईन साफ झाल्याशिवाय घरी न परतणारे तिचे बाबा. मागल्या श्रावणात तिनेच त्यांना अग्नी दिला होता.

थरथर पुसून टाकणारी नवी रचना तयार होती. कळ दाबायची, बस्स! पलीकडच्या बेटावरचं इस्पितळ या लाईनीकडे डोळे लावून बसलं होतं. पण कळ दाबली की बाबाही पुसले जाणार. पुन्हा पोरकं व्हायचं, तेही आपल्याच हाताने!

डोळे गच्च मिटून तिने कळ दाबली.

ठिपके थिजले. स्थिर, शुभ्र, सुस्पष्ट. "लाईन साफ!" परुळेकर ओरडला. ती मात्र ढसाढसा रडत होती.

तोच उंबऱ्यावर काठी वाजली. टक्. जिथे तार नव्हती, तिथे.

परुळेकर पांढराफटक पडला. हेमांगीने दार उघडलं. ऊन, गवत, आणि कोणी नाही. लहानपणी बाबा असेच उंबऱ्यावर काठी वाजवत, आणि ती पाणी-गूळ घेऊन धावे. म्हणजे इतके दिवस ते लाईन साफ होण्याचीच वाट पाहत चालत होते!

डब्यातला गूळ आणि तांब्याभर पाणी तिने उंबऱ्यावर ठेवलं. "दमलात ना बाबा? लाईन साफ आहे. या आता घरात."

तांब्यातलं पाणी थरथरलं. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. मग हळूहळू निवळलं, निवांत झालं, निश्चल झालं.