अस्तरावरचे लाल टाके

आमच्या थोरल्या मुलाची एक सवय मला कधीच पटली नाही. चर्चमध्ये वचन वाचायला उभा राहिला की आधी रुमाल काढतो, चष्मा पुसतो, घसा खाकरतो, आणि मग असा वाचतो की जणू देवाने ते याला विचारून लिहिलंय. त्या रविवारी वाचायचं होतं ते देण्याबद्दल. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक नसणाऱ्याला द्यावा. ‘द्यावा’ म्हणताना त्याने असा आवाज चढवला की माझ्या शेजारची म्हातारी दचकून जागी झाली. आणि पार मागे, शेवटच्या बाकावर, खोकल्याला ढास लागली.

खोकल्या म्हणजे चर्चचं आवार झाडणारा. थंडी पडली की याची छाती वाजायला लागायची. त्याचं खरं नाव कोणी विचारलं नाही. मीही नाही. अंगात एक सुती सदरा, त्यावर दुसरा सुती सदरा. वचनाप्रमाणे बघितलं तर दोन अंगरखे त्याच्याचकडे होते.

घरी आले आणि ट्रंक उघडून बसले.

मी बत्तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. शाळेत दोनच वर्षं गेले, अक्षर लावून लावून वाचते. पण कापड माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. त्या ट्रंकेत यांचा कोट होता. जाड लोकरीचा, राखाडी. आमचे हे हॉस्पिटलच्या बॉयलरवर होते. आत भट्टीची आग, बाहेर पडलं की हाडं गोठवणारी थंडी, म्हणून हौसेने शिवून घेतला होता. आतल्या खिशात पेन्सिल ठेवायचे, तिने अस्तर फाडलं. माझ्याकडचा काळा दोरा संपलेला, म्हणून मी लाल दोऱ्याने सात टाके घातले.

“आत कोण बघतंय?” हे म्हणाले होते.

“मी बघतेय ना,” मी म्हणाले.

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. कोट डांबराच्या गोळ्यांत. दर वर्षी काढायचा, झटकायचा, हुंगायचा, ठेवून द्यायचा. त्या दिवशी तो मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली. अकरा हिवाळे एक धडधाकट कोट ट्रंकेला ऊब देत होता.

आमच्या चर्चच्या मागच्या दाराशी एक मोठी पेटी आहे. ज्याला काही द्यायचं असेल त्याने गुपचूप त्यात टाकायचं. किल्ली एकाकडेच. तो शनिवारी पेटी उघडतो आणि ज्याला गरज असेल त्याच्या हाती एकट्याला बोलावून देतो. कोणी दिलं, कोणाला गेलं, हे विचारायचं नाही. पाळकसाहेबांचा तसा नियमच आहे. दोन वर्षांपासून ती किल्ली आमच्या थोरल्याकडे होती. तो चर्चचा सेक्रेटरी झाला तेव्हा मी चार घरी सांगून आले होते.

तर मी कोट पेटीत टाकला. पण नियम मोडला तो पहिल्यांदा मीच, हेही सांगते. कागदाच्या चिटोऱ्यावर, माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं, ‘शेवटच्या बाकावरच्याला’, आणि टाचणीने कॉलरला लावलं. देताना डाव्या हाताला कळू नये म्हणतात. माझ्या तर दोन्ही हातांना कळलं होतं, आणि डोळ्यांना बघायचंही होतं.

पुढच्या रविवारी तीनदा मान वळवून मागे बघितलं. खोकल्याच्या अंगावर एक पातळ जाकीट होतं, चेन तुटलेली. म्हटलं, धुवायला टाकला असेल. त्याच्या पुढच्या रविवारी तेच जाकीट. त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. माझ्या डोक्यात किडा शिरला. विकला. माझ्या माणसाचा कोट याने विकून खाल्ला.

उपासना संपल्यावर तो नळापाशी झाडू धूत होता. मी गाठलं.

“काय रे, ऊब विकून काय घेतलंस?”

“काय विकलं, आई?”

“मला आई म्हणू नकोस. दिलेलं विकणाऱ्याला देव दुसऱ्यांदा देत नाही.”

बायका थांबल्या. त्याने झाडू खाली ठेवला, ओले हात जाकिटाला पुसले आणि ते पोटाशी ओढून धरलं.

“मला जे मिळालं ते हे अंगावर आहे,” तो म्हणाला.

“देवाच्या दारात तरी खोटं बोलू नकोस. चोर कुठला.”

थोरला तिथेच होता. दोन हातांवर. रुमाल काढून चष्मा पुसत होता. मी मनात म्हटलं, पोरगं सभ्य आहे, आईच्या बोलण्यात तोंड घालत नाही.

त्यानंतर तीन रविवार शेवटचा बाक रिकामा होता.

आता पुढचं ऐका. बाजारातल्या मोठ्या ड्रायक्लीनवाल्याच्या माणसाने या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली. तेव्हापासून जड लोकरीचं काम तो गुपचूप माझ्याकडे आणतो. पाटीवर नाव त्याचं, वाफ माझी. हे बाहेर कोणाला ठाऊक नाही. मी थोरल्यालाही बोलले नव्हते. त्याला आईच्या इस्त्रीची हल्ली लाज वाटते, उगाच कशाला डिवचा.

शनिवारी सकाळी ड्रायक्लीनवाल्याने चार कोट आणून टाकले.

“मावशी, हा राखाडी आधी. संध्याकाळी लग्नाला घालायचाय त्यांना. मोठे लोक आहेत.”

लोकर कधी वरून दाबायची नसते. आधी खिसे बघायचे, मग उलटा करून अस्तर, मग ओलसर फडकं टाकून वाफ. मी कोट उलटा केला.

सात टाके. लाल.

इस्त्री फडक्यावर तशीच राहिली. फडक्याला करपल्याचा वास आला तेव्हा उचलली.

“कोणाचा हा?” मी विचारलं.

“तुमच्याच चर्चच्या सेक्रेटरींचा. बाही आखूड करून घेतली, कापड मात्र जुन्या काळचं, असं आता मिळत नाही. ओळखता का त्यांना?”

“ओळखत होते,” मी म्हणाले.

कोटाला इस्त्री केली. काम ते काम. बत्तीस वर्षांत इतकी चांगली कुठल्या कोटाला केली नसेल. मग ड्रायक्लीनवाल्याला म्हटलं, हा मी स्वतः पोचवते, आणि कोट हँगरला लावून रस्त्याने निघाले.

आधी खोकल्याच्या खोलीवर गेले. चर्चच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली. दाराला कुलूप. घरमालकीण वरून वाकली.

“तो गेला की हो खोली सोडून. म्हणाला, इथे तोंड दाखवायला जागा उरली नाही.”

“कुठे गेला?”

“सांगितलं नाही. झाडू ठेवून गेलाय चर्चचा. म्हणाला, देऊन टाका, नाहीतर तेही माझ्या नावावर लागेल.”

मी तिथे उभी राहिले. कोट जड लागायला लागला. मग थोरल्याच्या घरी गेले.

दार सूनबाईने उघडलं. कोट बघितला आणि “अहो,” एवढंच म्हणून आत सरकली. थोरला बाहेर आला, पांढरा शर्ट, टाय. कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

“चष्मा राहू दे,” मी म्हणाले. “मी दिसतेय तुला.”

“आई, बस ना आधी.”

“उभ्याने आलेय, उभ्यानेच जाईन. चिठ्ठी वाचलीस?”

त्याने टायची गाठ सारखी केली.

“वाचन तर तुझं चांगलं आहे. ‘शेवटच्या बाकावरच्याला’. तीन शब्द नाही आले वाचता?”

“दोन,” सूनबाई आतून हळूच म्हणाली, आणि लगेच तिचं तिलाच कळलं असावं, कारण भांड्यांचा आवाज सुरू झाला.

“आई, तो बाबांचा कोट होता,” थोरला म्हणाला. “झाडूवाल्याला द्यायचा? त्याला काय त्या कापडाची किंमत? मी त्याला जाकीट दिलं माझं. उघडा नाही सोडला.”

“तुटक्या चेनचं.”

“आणि मी मागितला होता तुझ्याकडे. बाबा गेले त्या वर्षी. तू म्हणालीस, मी जिवंत असेपर्यंत कोणाच्या अंगावर जायचा नाही. पोटच्या पोराला नाही म्हणालीस, आणि परक्याला दिलास. विचारलंस तरी मला?”

हे खरं होतं. मी म्हटलं होतं तसं. तेव्हा तो दारात उभा होता, कोवळा, डोळे सुजलेले, आणि मी ट्रंकेवर बसून राहिले होते. ते मी विसरले होते. तो विसरला नव्हता.

मी कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घातला, खांदे सरळ केले. हाताला सवय असते.

“बाही आखूड केलीस,” मी म्हणाले.

“लांब होत होती.”

“त्यांचे हात लांब होते.”

तो खाली बघत होता. माझ्याच्याने रडवत नव्हतं, मारवतही नव्हतं. मग मी त्याला जे सांगितलं ते सूनबाईनेही भांडी थांबवून ऐकलं.

“हे बघ. तुझ्या बापाचा कोट मी तुला दिला नाही, तो माझा लोभ. त्याचं मी देवाशी बघेन. पेटीतून तू काढलास, तेही मी आई म्हणून गिळलं असतं. पण नळापाशी मी त्या माणसाला चोर म्हणाले तेव्हा तू दोन हातांवर होतास. चोराला ठाऊक होतं चोर कोण आहे, आणि तो चष्मा पुसत होता. माझ्या तोंडून तू ते वदवून घेतलंस. तो माणूस गाव सोडून गेला. कोट परत नेता येतो रे, तो शब्द मी कुठे नेऊन देऊ? कोट ठेव. तुझ्याच मापाचा करून घेतलायस. उद्या वचन वाचायला उभा राहशील तेव्हा हाच घालून उभा राहा. मी रोजच्या जागेवर दिसणार नाही तुला. मागे बघ. शेवटचा बाक रिकामा झालाय, उद्यापासून मी तिथे बसेन.”