थंड इंजिनचं माप

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा त्या वेळी विझलेला होता.

गाडी भावोजी चालवत होते. शेजारी ताई बसली होती, गॅरेजवाल्या मिस्त्रीची थोरली बहीण. पायांच्या सुजेमुळे चपला चढत नव्हत्या, म्हणून त्या पिशवीत घालून मांडीवर घेतल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी घाटापलीकडच्या शहरात न्यावं लागे. पंचाण्णव किलोमीटर, अडीच तास. गुरुवारी घाटात दरड कोसळली आणि ती खेप चुकली. शुक्रवारी तिथल्या नर्सने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एक चुकवू नका. पुढच्या वेळी त्यांना इथपर्यंत आणण्याइतका वेळ मिळेलच असं नाही." आजची वेळ अकराची होती. साडेआठला निघणं भाग होतं.

"कधीपासून मिटमिटतोय?" मिस्त्रीने बॉनेट उघडत विचारलं.

"मंगळवारपासून. परत येताना रेल्वे फाटकाशी थांबलो, तिथे. रेस दिली की जातो, पाय काढला की पुन्हा डोळे मिचकावतो."

"आणि आज शनिवार."

"अरे, मिटमिटत होता. पूर्ण पेटला असता तर आणली नसती का?"

"त्यांना मीसुद्धा पूर्ण पेटल्याशिवाय दिसत नाही," ताई आतून म्हणाली.

मिस्त्री हसला नाही. त्याची स्वतःची गाडी मागे लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती, गिअरबॉक्स उतरवून. दारात होती ती फक्त मोटरसायकल, आणि ताईला तिच्यावर बसवणं शक्य नव्हतं. भाड्याच्या दोन गाड्यांना भावोजींनी सहा वाजल्यापासून फोन केले होते. एक बाहेरगावी होती, दुसरीच्या ड्रायव्हरने उचललाच नाही. पहिली बस पावणेसहाला सुटून गेली होती.

तेलाचा लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तेलाला दाब आहे की नाही, एवढंच सांगतो. इंजिनच्या अंगात अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. दाब ठरलेल्या मापाच्या खाली गेला की तो दिवा लावतो. दिवा मिटमिटत असेल तर अर्थ दोनच. दाब खरोखर काठावर आला आहे, किंवा स्विच खोटं बोलतो आहे. दाब खरा कमी असेल तर इंजिन उघडावं लागतं, किमान तीन दिवस. स्विच खोटा असेल तर दहा मिनिटांचं काम.

मिस्त्रीने तेलाची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. पातळी बरोबर होती. फडकं त्याने बाकावर टाकलं. वायर हलवून पाहिली, तीही घट्ट होती. मग त्याने स्विच काढला, त्याच्या जागी दाब मोजायच्या गेजची नळी लावली आणि भावोजींना गाडी चालू करायला सांगितलं. काटा साडेतीन किलोवर जाऊन उभा राहिला.

"चांगलंय ना?" भावोजींनी काचेतून मान बाहेर काढली.

"चांगलंय. थांबा जरा."

त्याने इंजिन आठ मिनिटं चालू ठेवलं. काटा अडीचवर आला आणि अजून उतरत होता. तापमानाचा काटा मात्र तळाशीच होता. तेल थंड असताना दाट असतं, दाब चांगला दाखवतं. खरी परीक्षा इंजिन कडक तापल्यावर, आणि त्याला आणखी वीस-पंचवीस मिनिटं तरी लागली असती. 'थंड इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं' हे वाक्य मिस्त्रीचंच. बावीस वर्षं तो गिऱ्हाइकांना ते ऐकवत आला होता.

"छोट्या, किती वाजले रे?" ताईने विचारलं. मिस्त्रीला शेहेचाळिसावं चालू होतं.

"आठ सतरा."

"मग मला सांग, जाऊ की नको? नको म्हणालास तर इथेच बाकावर पडते. पण मग तुलाच बसावं लागेल माझ्यापाशी."

मिस्त्रीने तिच्या पायांकडे पाहिलं. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं.

"स्विच गेलाय," तो म्हणाला. "बदलतो."

कपाटात त्या मॉडेलचा स्विच नव्हता. दुसऱ्या एका गाडीचा होता, आटे तेच, वायरची पिनही तीच. तो बसला. गाडी चालू केल्यावर दिवा क्षणभर लागला आणि विझला. तसा तो विझायलाच हवा होता.

"बघा," भावोजी म्हणाले. "उगाच चार दिवस जीव टांगणीला."

"घाटात दमानं घ्या. चढावर ओढू नका."

"मिस्त्री, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून नसलो तरी तुझ्या मिशीच्या आधीपासून गाडी चालवतोय मी."

"चला आता," ताई म्हणाली. "गाडीचं तेल बदलतात, माझं रक्त धुऊन तेच परत घालतात. तरी गाडीचेच लाड जास्त." मग भावाला म्हणाली, "संध्याकाळी येताना थांबते. धुतलेली असेन."

आठ एकतीसला गाडी निघाली.

नऊच्या सुमारास शेजारचे लेथवाले चहाचा पेला घेऊन आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मिस्त्रीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे.

"ताई गेली वाटतं."

"गेली. दिवा मिटमिटत होता. स्विच निघाला."

"गरम करून बघितलंस?"

मिस्त्री पाने पुसत राहिला.

"तुला विचारतोय."

"वेळ नव्हता, मास्तर."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. ट्रेमधला जुना स्विच उचलून उलटसुलट पाहिला आणि मिस्त्रीच्या हातात दिला. "हवा लावून बघ."

मिस्त्रीने स्विच बॅटरीला आणि एका बल्बला जोडला, कॉम्प्रेसरच्या नळीने हवा दिली. दाब अर्ध्या किलोवर गेला की बल्ब विझत होता, अर्ध्याखाली आला की लागत होता. त्याने बारा वेळा करून पाहिलं. बाराही वेळा अर्ध्यावरच, न मिटमिटता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीने बाकावरचं फडकं उचललं आणि दाराशी उन्हात नेलं. सकाळी ट्यूबच्या उजेडात ते नुसतं काळं दिसलं होतं. उन्हात त्या काळ्या डागात बारीक चमक दिसली, चांदीच्या भुकटीसारखी. इंजिनची बेअरिंग झिजून तेलात उतरत होती.

नव्या स्विचचं खोकं कचऱ्याच्या डब्यात होतं. त्यावर माप छापलेलं होतं. मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं.

"हा पाव किलोला दिवा लावतो. अर्ध्या किलोचं माप काढून पाव किलोचं लावलंस तू."

म्हणजे आधी अर्ध्या किलोला जो इशारा मिळत होता, तो आता मिळणार नव्हता. दाब जवळजवळ संपल्यावर दिवा लागणार होता, आणि तोवर इंजिन जाम झालेलं असतं. उतारावर चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा होतो.

नऊ अठ्ठावीसला मिस्त्रीने भावोजींना फोन केला. ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर होते. ताईचा फोन तिने कधीच बंद केला होता. दोघांत एकच पुरे, असं ती म्हणे. डायलिसिसच्या नर्सला त्याने सांगितलं, "पोचल्या पोचल्या मला कळवा, आणि परत गाडी चालू करू देऊ नका."

"अहो, आधी येऊ तर द्या," नर्स म्हणाली.

"मी गॅरेज बघतो," मास्तर म्हणाले. "तू नीघ."

घाटाच्या पायथ्याच्या चौकीवर तो दहा दहाला पोचला. चौकीदाराला गाडी आठवत होती. "पांढरी? पुढे बाई बसलेली? नऊ-वीसला गेली. बाईंनी हात केला."

चढावर मिस्त्रीने प्रत्येक वळणावर मोटरसायकल हळू केली. कडेला दोन ट्रक उभे होते, एका कारचं चाक बदलणं चाललं होतं. पांढरी गाडी नव्हती. दहा पन्नासला माथ्यावर फोन लागेना. गाडीने चढ पार केला, याचा त्याने चांगला अर्थ लावला. मग उतार सुरू झाला.

गुरुवारच्या दरडीने उतारावरच्या एका वळणाचा कठडा तोडून नेला होता. त्या जागी रस्तेवाल्यांनी चुना फासलेली चार पिंपं उभी केली होती. मिस्त्री तिथे पोचला तेव्हा एक आडवं पडलेलं होतं. ते वाऱ्याने पडलं, ट्रकने की आणखी कशाने, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या. खाली झाडी दाट होती.

इथे नेटवर्क होतं. अकरा वीसला त्याने नर्सला फोन केला.

"नाही आल्या अजून. तीन नंबरची खुर्ची त्यांचीच ठेवलीय. मशीन लावून ठेवलंय."

अकरा बावीसला त्याने भावोजींचा नंबर लावला. या वेळी रिंग वाजली. वाजत राहिली. कोणी उचलत नव्हतं.

मिस्त्रीने फोन कानापासून दूर धरला आणि तुटलेल्या कठड्याशी जाऊन खालच्या झाडीकडे कान दिला. वरून एक ट्रक उतरत होता. त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.